संयुक्त सूक्ष्मदर्शकाचे कोनीय विशालन: एकच उदाहरण, चार उत्तरे

समांतर_किरण (धागाकर्ता)

नमस्कार. मी विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या अभ्यासगटात एका साध्या दिसणाऱ्या उदाहरणावरून बराच वाद झाला आणि तो मिटला नाही, म्हणून जाणकारांपुढे मांडतो.

उदाहरण असे: संयुक्त सूक्ष्मदर्शकाच्या वस्तुभिंगाचे (वस्तूजवळच्या भिंगाचे) नाभीय अंतर १ सेमी, नेत्रिकेचे (डोळ्याजवळच्या भिंगाचे) नाभीय अंतर ५ सेमी आणि दोन्ही भिंगांमधील अंतर १८ सेमी आहे. सुस्पष्ट दृष्टीचे लघुत्तम अंतर २५ सेमी धरून उपकरणाचे कोनीय विशालन काढा.

चौघांनी चार उत्तरे काढली: १०८, ७२, ७७ आणि ६०. प्रत्येकाने पुस्तकातलेच सूत्र वापरले आहे. ‘एल भागिले एफओ, गुणिले कंसात एक अधिक डी भागिले एफई’ हे सूत्र पहिल्या दोघांनी वापरले, तरी त्यांची उत्तरे वेगळी आली. (एल म्हणजे नळीची लांबी, एफओ आणि एफई म्हणजे वस्तुभिंगाचे आणि नेत्रिकेचे नाभीय अंतर, डी म्हणजे ते २५ सेमी.) उरलेल्या दोघांनी भिंगाच्या सूत्रावरून पायरीपायरीने गणित केले, तरी त्यांचीही उत्तरे जुळली नाहीत.

याच निमित्ताने दुसरी शंका. वस्तू प्रत्यक्षात वस्तुभिंगासमोर जेमतेम एक सेमीवर असते. मग उपकरणातून दिसणाऱ्या कोनाची नुसत्या डोळ्याला दिसणाऱ्या कोनाशी तुलना करताना ती २५ सेमीवर ठेवली आहे असे का मानायचे? दूरदर्शीच्या बाबतीत आपण असे करत नाही.

फळा_आणि_खडू

आधी दुसरी शंका घेतो, कारण व्याख्या पक्की झाल्याशिवाय चार उत्तरांचा निकाल लागणार नाही.

वस्तू किती मोठी दिसते हे तिच्या लांबीवर नव्हे, तर ती डोळ्याशी करत असलेल्या कोनावर ठरते, कारण डोळ्याच्या पडद्यावरची प्रतिमा त्या कोनाच्या प्रमाणात लहानमोठी होते. ०.१ मिमी लांबीची एक रेघ घ्या. ती नुसत्या डोळ्याने नीट पाहायची तर आपण ती जवळ आणत जातो, पण सुमारे २५ सेमीच्या आत आणली की ती धूसर होऊ लागते. त्या अंतरावर तिचा कोन ०.०००४ रेडियन, म्हणजे सुमारे १.४ कला असतो (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). मानवी डोळ्याची विभेदनक्षमता, म्हणजे दोन बिंदू वेगळे ओळखण्याची मर्यादा, साधारण एक कला असल्याने ही रेघ ‘काहीतरी आहे’ इतपतच दिसते. नुसत्या डोळ्याला यापेक्षा चांगले पाहता येत नाही, म्हणून उपकरणाने मिळणारा लाभ याच स्थितीशी ताडून पाहायचा. वस्तू एक सेमीवर आहे हे खरे, पण त्या अंतरावर नुसता डोळा तिच्यावर केंद्रित होऊच शकत नाही, तेव्हा त्या कोनाशी तुलना करून काही हाती लागणार नाही.

दूरदर्शीत नियम तोच आहे, परिस्थिती वेगळी आहे. चंद्र उचलून २५ सेमीवर आणता येत नाही. नुसत्या डोळ्याला तो आहे तिथूनच पाहावा लागतो, म्हणून तिथे तुलना वस्तूच्या प्रत्यक्ष जागेवरच्या कोनाशी होते आणि उत्तर नाभीय अंतरांचे गुणोत्तर येते. त्यात २५ सेमी कुठेच येत नाही.

लांबीचे गुणोत्तर न घेता कोनांचे का घ्यायचे, याचेही उत्तर यातच आहे. अंतिम प्रतिमा अनंत अंतरावर असली तर तिची लांबी अनंत असते आणि रेषीय विशालनाला अर्थ उरत नाही. कोन मात्र मर्यादित राहतो आणि तोच डोळ्याला जाणवतो.

नाभीबिंदू

आता उदाहरणाकडे. माझा आग्रह असा की अंतिम प्रतिमा कुठे आहे हे आधी लिहावे आणि मगच लेखणी पुढे चालवावी. या उदाहरणात ते सांगितलेलेच नाही, त्यामुळे ७७ आणि ६० ही दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत.

प्रतिमा अनंत अंतरावर हवी असेल तर वस्तुभिंगाने तयार केलेली वास्तव प्रतिमा नेत्रिकेच्या नाभीवर, म्हणजे नेत्रिकेपासून ५ सेमीवर पडली पाहिजे. ती वस्तुभिंगापासून १८ – ५ = १३ सेमीवर येते. वस्तुभिंगाचे रेषीय विशालन काढण्याची सोपी रीत अशी की प्रतिमा वस्तुभिंगाच्या नाभीच्या पलीकडे जितकी दूर असेल, त्या अंतराला नाभीय अंतराने भागावे. इथे (१३ – १) ÷ १ = १२. नेत्रिकेचे कोनीय विशालन २५ ÷ ५ = ५. गुणाकार ६०.

प्रतिमा २५ सेमीवर हवी असेल आणि डोळा नेत्रिकेला अगदी लागून असेल, तर नेत्रिकेसाठी वस्तूचे अंतर २५ ÷ ६ = ४.१७ सेमी येते. म्हणजे मधली प्रतिमा वस्तुभिंगापासून १३.८३ सेमीवर आहे, वस्तुभिंगाचे विशालन १२.८३ आहे आणि नेत्रिकेचे १ + २५ ÷ ५ = ६ आहे. गुणाकार ७७. प्रतिमा उलटी असल्याने दोन्ही उत्तरांना ऋण चिन्ह द्यायला हवे. काचपट्टी डावीकडे सरकवली की दृश्य उजवीकडे सरकते, ते यामुळेच.

वस्तूची जागा या दोन स्थितींत किती बदलते तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या स्थितीत वस्तू १.०८३३ सेमीवर, दुसऱ्या स्थितीत १.०७७९ सेमीवर. फरक सुमारे ५४ मायक्रोमीटर. सूक्ष्म समायोजनाची कळ जराशी फिरवली की विशालन ६० चे ७७ होते, आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण डोळा दोन्ही प्रतिमांवर आपोआप केंद्रित होतो.

१०८ हे उत्तर मात्र कोणत्याही स्थितीत बसत नाही. त्यात ‘एल’ म्हणून भिंगांमधील अंतर, म्हणजे १८ घेतले आहे. सूत्रातला ‘एल’ म्हणजे वस्तुभिंगाची आतल्या बाजूची नाभी आणि नेत्रिकेची आतल्या बाजूची नाभी यांमधील अंतर. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात नळीच्या लांबीची व्याख्या अशीच दिलेली आहे, पण सूत्र पाठ करताना ते वाक्य मागे राहते. इथे ‘एल’ = १८ – १ – ५ = १२.

समांतर_किरण

मनापासून आभार. मग ७२ चे काय? तिथे ‘एल’ बरोबर १२ घेतला आहे आणि १२ × ६ = ७२ हा गुणाकारही बरोबर आहे.

नाभीबिंदू

७२ मध्ये दोन वेगवेगळ्या मांडण्या एकत्र आल्या आहेत. ‘एल भागिले एफओ’ म्हणजे १२ हे वस्तुभिंगाचे नेमके विशालन मधली प्रतिमा नेत्रिकेच्या नाभीवर असतानाच असते, म्हणजे अंतिम प्रतिमा अनंतावर असताना. नेत्रिकेचे ६ हे विशालन मात्र अंतिम प्रतिमा २५ सेमीवर असतानाचे. मधली प्रतिमा एकाच वेळी दोन जागी असू शकत नाही. ती नेत्रिकेच्या बाजूला ०.८३ सेमी सरकली की वस्तुभिंगाचे विशालन १२ वरून १२.८३ होते, आणि हे ०.८३ सहाने गुणले जाऊन शेवटी पाचाचा फरक पडतो.

तरीही पुस्तके ते सूत्र देतात, आणि ते योग्यच आहे, कारण खऱ्या सूक्ष्मदर्शकात नाभीय अंतरे ‘एल’ च्या मानाने लहान असतात. वस्तुभिंग ०.४ सेमी, नेत्रिका २.५ सेमी आणि ‘एल’ १६ सेमी घेऊन पाहा. सूत्राने ४० × ११ = ४४० येते, पायरीपायरीने केले तर ४४६ येते. दीड टक्क्याहूनही कमी फरक. तुमच्या उदाहरणात नेत्रिकेचे ५ सेमी हे १२ सेमीच्या जवळपास निम्मे आहे, म्हणून तीच चूक साडेसहा टक्क्यांवर जाते. उदाहरणात भिंगांमधील अंतर थेट दिले असेल तर संक्षिप्त सूत्राच्या वाटेला जाऊच नये, आणि फक्त ‘नळीची लांबी’ दिली असेल तर ते वापरावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

आणखी एक गोष्ट. एकट्या भिंगाच्या बाबतीत दोन स्थितींतला फरक नेहमी फक्त १ असतो, ५ आणि ६. संयुक्त सूक्ष्मदर्शकात तो तुमच्या उदाहरणात १७ झाला. म्हणून ‘एकाचा फरक, तो सोडून द्या’ हा साध्या भिंगाचा न्याय इथे लावता येत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकातसुद्धा भिंग प्रबळ असेल तरच तो चालतो. एकाच भिंगाचे सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या डच लेव्हेनहूकच्या उरलेल्या सूक्ष्मदर्शकांपैकी उट्रेख्टच्या विद्यापीठ संग्रहालयातला सुमारे २७० पट विशालन देतो, म्हणजे त्याच्या इवल्याशा भिंगाचे नाभीय अंतर एक मिमीहूनही थोडे कमी आहे. तिथे २७० की २७१ हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

चाळिशीनंतर

मला चष्म्याशिवाय ५० सेमीच्या आतले वाचता येत नाही. मग माझ्यासाठी ‘डी’ ५० घ्यायचा का? तसे केले तर ५ सेमीचे भिंग मला १० पट मोठे दाखवते असे होईल. तरुण डोळ्यापेक्षा मला जास्त दिसते, हे पटत नाही.

फळा_आणि_खडू

जास्त दिसत नाही. प्रतिमा अनंतावर असताना ०.१ मिमीची रेघ त्या भिंगातून आपल्या डोळ्याशी आणि तरुण डोळ्याशी सारखाच, म्हणजे ०.००२ रेडियनचा कोन करते. बदलतो तो कोनांच्या गुणोत्तरातला छेद. चष्म्याशिवाय आपल्याला ती रेघ ५० सेमीवरून पाहावी लागते, म्हणून मूळचा कोन निम्मा असतो आणि त्या मानाने लाभ दुप्पट वाटतो. विशालन हा आकडा भिंगाची ओळख म्हणून वापरायचा असल्याने सर्वांसाठी २५ सेमी हा संकेत पाळला जातो. तसे केले नाही तर नेत्रिकेवर कोरलेला ‘१०×’ माणसागणिक बदलावा लागेल.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून वर्गातले सूत्र उपकरणावर कुठे दिसते ते सांगते. जुन्या पद्धतीच्या वस्तुभिंगावर ‘४०×/०.६५’ आणि त्याखाली ‘१६०/०.१७’ असे कोरलेले असते. ४०× हे वस्तुभिंगाचे रेषीय विशालन आहे, ०.६५ हे त्याचे संख्यात्मक छिद्रमान (ते किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते याचे माप), १६० ही मिमीमधील यांत्रिक नळीची लांबी आणि ०.१७ ही आच्छादन काचेची मिमीमधील जाडी. इथली नळीची लांबी म्हणजे वस्तुभिंग बसवण्याच्या जागेपासून नेत्रिका टेकते त्या कडेपर्यंतचे अंतर. वरच्या चर्चेतला ‘एल’ हा त्याहून वेगळा आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. दोन्हींना पुस्तकांत ‘नळीची लांबी’ म्हटले जाते आणि घोळ तिथेच होतो.

नेत्रिकेवरचा १०× हा मात्र सरळ २५० मिमी ÷ नाभीय अंतर असा असतो, म्हणजे ती २५ मिमीची नेत्रिका. त्यात ‘अधिक एक’ नाही. दिवसभर सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्याने प्रतिमा अनंतावर ठेवूनच काम करायचे असते, कारण तेव्हा डोळ्याचे स्नायू सैल राहतात. नवीन माणूस डोळे ताणून प्रतिमा जवळ ओढतो आणि दुपारपर्यंत त्याचे डोके दुखू लागते. त्याला आम्ही आधी खिडकीबाहेर लांब पाहायला सांगतो आणि डोळे तसेच सैल ठेवून नेत्रिकेत पाहायला लावतो.

आता बहुतेक नवीन उपकरणांत वस्तू वस्तुभिंगाच्या नेमकी नाभीवर असते, किरण समांतर होऊन वर जातात आणि नळीतले दुसरे भिंग त्यांची प्रतिमा बनवते. तिथे वस्तुभिंगाचे विशालन म्हणजे नळीभिंगाचे नाभीय अंतर ÷ वस्तुभिंगाचे नाभीय अंतर. निकॉन आणि लायका यांचे नळीभिंग २०० मिमीचे, ऑलिंपसचे १८० मिमीचे, झाइसचे १६५ मिमीचे असते. म्हणून ऑलिंपसचे ४०× वस्तुभिंग, ज्याचे नाभीय अंतर ४.५ मिमी आहे, ते २०० मिमीच्या नळीभिंगावर लावले तर ४४ पट विशालन देते. वस्तुभिंगावरचा आकडा तसाच राहतो आणि मोजमाप चुकते.

समांतर_किरण

म्हणजे ४०× आणि १०× मिळून ४०० पट. मग २५× ची नेत्रिका लावून १००० पट का करू नये?

काचपट्टी

लावता येते, पण नवीन काही दिसत नाही. ०.६५ छिद्रमानाच्या वस्तुभिंगाला हिरव्या प्रकाशात, ५५० नॅनोमीटर तरंगलांबी धरून, ०.६१ × ०.५५ ÷ ०.६५ म्हणजे सुमारे ०.५२ मायक्रोमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दाखवता येतात. ४०० पट विशालनात हे अंतर डोळ्याशी जवळपास २.८ कलांचा कोन करते, आणि तेवढ्यात डोळ्याला ते आरामात वेगळे दिसते. त्यापुढे वाढवले तर तेच पुसट ठिपके अधिक मोठे आणि अधिक पुसट दिसतात. छिद्रमानाच्या ५०० ते १००० पटींच्या दरम्यान एकूण विशालन ठेवावे, असा व्यवहारातला नियम आहे. ०.६५ साठी तो ३२५ ते ६५० येतो.

तांबडी रक्तपेशी सुमारे ७ मायक्रोमीटर व्यासाची असते. ४०० पटींत ती २५ सेमीवर ठेवलेल्या २.८ मिमीच्या चकतीएवढी दिसते, आणि पेशी मोजायला ते पुरेसे आहे. हिवतापाचा परजीवी त्या पेशीच्या आत शोधायचा असतो, तेव्हा १००× चे, १.२५ छिद्रमानाचे वस्तुभिंग तेल घालून लावतो. तिथे हजार पटींना अर्थ आहे, कारण विभेदन ०.२७ मायक्रोमीटरपर्यंत पोहोचलेले असते.

तिर्यक

चर्चा उत्तम चालली आहे. एक मुद्दा मात्र अजून आलेला नाही, आणि माझ्या मते ७७ की ६० या वादाचा खरा निकाल तिथे आहे: डोळा कुठे आहे?

‘एक अधिक डी भागिले एफ’ हे सूत्र डोळा भिंगाला चिकटलेला आहे असे मानते. डोळा भिंगामागे काही अंतरावर असेल आणि प्रतिमा डोळ्यापासून २५ सेमीवर असेल, तर प्रतिमा भिंगापासून तेवढी कमी दूर राहते आणि विशालन १ + (डी – अंतर) ÷ एफ इतके होते. ५ सेमीच्या भिंगामागे ५ सेमीवर, म्हणजे त्याच्या नाभीवर डोळा ठेवला तर १ + २० ÷ ५ = ५. प्रतिमा अनंतावर असतानाही ५ च. नाभीवरच्या डोळ्याला प्रतिमा कुठेही असली तरी कोन तोच दिसतो, कारण वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर निघालेला किरण भिंगातून वळून नेमका तिथूनच जातो आणि त्याचा कल प्रतिमेच्या जागेवर अवलंबून नसतो.

संयुक्त सूक्ष्मदर्शकात डोळा कुठे ठेवायचा हे आपण ठरवत नाही, उपकरण ठरवते. वस्तुभिंगातून आलेला सगळा प्रकाश नेत्रिकेमागे एका लहान वर्तुळात एकवटतो. ते वर्तुळ म्हणजे नेत्रिकेने बनवलेली वस्तुभिंगाचीच प्रतिमा, ज्याला रॅम्सडेन वर्तुळ म्हणतात. डोळ्याची बाहुली तिथे असेल तरच पूर्ण दृश्य दिसते. या उदाहरणात वस्तुभिंग नेत्रिकेपासून १८ सेमीवर आहे, म्हणून ते वर्तुळ ९० ÷ १३ = ६.९२ सेमीवर पडते.

आता डोळा तिथे ठेवून, अंतिम प्रतिमा डोळ्यापासून २५ सेमीवर धरून गणित करू. प्रतिमा नेत्रिकेपासून १८.०८ सेमीवर, मधली प्रतिमा नेत्रिकेपासून ३.९२ सेमीवर आणि वस्तुभिंगापासून १४.०८ सेमीवर. वस्तुभिंगाचे विशालन १३.०८, नेत्रिकेचे ४.६२, गुणाकार ६०.४. अनंतावरच्या प्रतिमेसाठी ६०, इथे ६०.४. सतराचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. संपूर्ण उपकरणाची मागची नाभी नेत्रिकेपासून ७.०८ सेमीवर आहे आणि रॅम्सडेन वर्तुळ तिच्या अगदी शेजारी आहे, हे त्याचे कारण.

तेव्हा ७७ हे गणित म्हणून शुद्ध आहे आणि परीक्षेत ‘अंतिम प्रतिमा लघुत्तम अंतरावर’ असे शब्द असतील तर तेच लिहावे. पण हे उपकरण प्रत्यक्ष बांधून त्यात नीट पाहणाऱ्याला वस्तू साठ पटच दिसेल, त्याने प्रतिमा जवळ ठेवली काय किंवा दूर.

समांतर_किरण

हे मोजून पाहता येईल का? आमच्या प्रयोगशाळेत प्रकाशीय पट्टी आहे, भिंगे आहेत आणि १ मिमीचे १०० भाग केलेली काचपट्टीही आहे.

तिर्यक

जरूर येईल. पट्टीवर १ सेमीचे आणि ५ सेमीचे भिंग १८ सेमी अंतराने बसवा आणि काचपट्टीमागून अर्धपारदर्शी पांढऱ्या काचेआडून प्रकाश द्या. नेत्रिकेमागे पातळ काच ४५ अंशांत तिरपी धरा, म्हणजे त्याच डोळ्याला सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा आरपार दिसेल आणि बाजूला ठेवलेली मिमीची फूटपट्टी परावर्तनाने दिसेल. डोळ्यापासून काचेपर्यंत आणि काचेपासून फूटपट्टीपर्यंत मिळून २५ सेमी भरले पाहिजेत. फूटपट्टीवर चांगला उजेड हवा, नाहीतर तिच्या रेषा पुसट राहतात.

आता काचपट्टी मागेपुढे करून प्रतिमा फूटपट्टीच्याच पातळीत आणा. ती आली आहे की नाही हे कळण्यासाठी डोके किंचित डावीउजवीकडे हलवा. दोन्हींच्या रेषा एकमेकींवरून सरकत असतील तर पॅरॅलॅक्स उरला आहे आणि प्रतिमा अजून पुढे किंवा मागे आहे. हा टप्पा घाईने उरकला तर पुढचे सगळे मोजमाप वाया जाते. रेषा एकत्र हलू लागल्या की काचपट्टीचे दहा भाग, म्हणजे ०.१ मिमी, फूटपट्टीच्या किती मिमीला झाकतात ते वाचा. त्या आकड्याला ०.१ ने भागले की विशालन मिळते.

डोळा नेत्रिकेमागे सुमारे ७ सेमीवर असेल तर ६ मिमी दिसायला हवेत. डोळा पुढे नेत्रिकेकडे नेऊन आणि फूटपट्टी पुन्हा २५ सेमीवर आणून मोजले तर आकडा वाढत जाईल, पण ७.७ मिमी पूर्ण मिळणार नाहीत, कारण तिरपी काच मध्ये असल्याने डोळा भिंगाला टेकवता येत नाही, आणि पुढे जाल तसे दृश्याच्या कडाही कापल्या जातील. डोळा ३ सेमीवर असताना किती मिमी यायला हवेत हे वरच्याच रीतीने आधी काढून ठेवा: अंतिम प्रतिमा नेत्रिकेपासून २२ सेमीवर धरायची, बाकी पायऱ्या त्याच. माझ्या गणिताने ६.९८ मिमी येतात.